बेझोर कोणाचा? बोकडाचा, विषाचा की बाजाराचा

मास्तर : डॉक्टर, एखाद्या मुलीच्या पोटातून केसांचा गोळा काढला की तुम्ही कागदावर ‘ट्रायकोबेझोर’ असं लिहिता. न पचलेल्या फळांच्या चोथ्याचा गोळा असेल तर ‘फायटोबेझोर’. यातलं ट्रायको ग्रीक, फायटोही ग्रीक. पण बेझोर? तो शब्द फारसी आहे. ज्या वस्तूचं हे नाव, ती वस्तू सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपला गेली त्या वाटांपैकी दोन आपल्या अगदी दाराशी आहेत : एक गोवा, दुसरी ही सुरत. इराणच्या कोरड्या, कपारींच्या डोंगरांत एक रानबोकड राहतो. मोठ्या नराची शिंगं मागे कमान टाकून पार पाठीपर्यंत वळलेली असतात. फारसीत त्याला पाझन म्हणतात, पासंगही म्हणतात. त्याच्या पोटात कधीकधी एक गुळगुळीत, हिरवट-तपकिरी खडा सापडतो. एखाद्या काडीभोवती किंवा बीभोवती थरावर थर चढत तो तयार होतो. फोडला तर कांद्यासारखे पापुद्रे निघतात. हा खडा उगाळून घेतला की विष उतरतं, असा समज होता आणि त्यापायी सोनं मोजलं जाई. माझं म्हणणं असं की बेझोर हा शब्द ऐकताना तो बोकड दिसला पाहिजे. कोशांनी त्याला बाहेर काढलं, ते चूक केलं.

डॉक्टर : कोशांनी त्याला बाहेर काढलं नाही, मास्तर, कारण तो मुळात आत नव्हताच. शब्द आहे ‘पादजहर’. पाद म्हणजे राखण, बचाव. जहर तर आपण मराठीत रोज वापरतो. पादजहर म्हणजे विषापासून राखणारं. अरबीत गेल्यावर त्याचं बाजहर झालं आणि अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर तो युरोपच्या वैद्यांकडे पोचला. वास्को द गामा कालिकतला येण्याच्या कितीतरी आधी. आता बोकडाचं बघा. अल-बिरूनीने अकराव्या शतकात रत्नांवर ग्रंथ लिहिला त्यात पादजहर आहे, आणि त्या परंपरेतल्या जुन्या अरबी लेखनात तो जमिनीतून, खाणीतून निघणारा दगड आहे. प्राण्याच्या पोटातला खडा त्या नावाखाली नंतर जमा झाला. म्हणजे आधी गुण, मग त्या गुणाचा दगड, आणि सगळ्यात शेवटी बोकड. प्राणिशास्त्रज्ञ आज त्या जनावराला ‘बेझोर गोट’ म्हणतात, तेही उलट दिशेने आलेलं नाव आहे : खड्यावरून बोकडाला. त्याचं शास्त्रीय नाव काप्रा एगाग्रस. एर्क्सलेबेन या जर्मन शास्त्रज्ञाने ते १७७७ मध्ये दिलं. त्यातला एगाग्रस म्हणजे ग्रीकमध्ये नुसता रानबोकड. विषाचा तिथे मागमूस नाही.

मास्तर : तुमची वंशावळ मला मान्य आहे. पण गोव्यात १५६३ मध्ये छापलेलं एक पुस्तक आपल्या दोघांच्या मध्ये ठेवतो. गार्सिया द ओर्ताचं ‘औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरचे संवाद’. ओर्ता पोर्तुगालचा, ज्यू घराण्यातून बळजबरीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि तिथेच वैद्यकी करत राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याची ऊठबस होती, तिथल्या हकिमांशी त्याचे वाद चालत. पुस्तकाची रचना आपल्या या बोलण्यासारखीच आहे : एक ओर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित वैद्य, जो ग्रीक ग्रंथांचा हवाला देत शंका काढतो. बेझोरवर त्यात एक वेगळा संवाद आहे. ओर्ता सांगतो की खुरासान आणि इराणात पाझन नावाचा बोकड असतो, त्यावरून तिथले लोक खड्याला पाझर म्हणतात. आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून बेझार म्हणतो. आणि हिंदुस्तानातले लोक आणखी बिघडवून बाजार म्हणतात, जणू काही पेठेत मिळणारा दगड. हे वाचल्यावर मी थांबलोच. त्याने ही व्युत्पत्ती ग्रंथातून उचललेली नाही. खडे विकणाऱ्या, वापरणाऱ्या माणसांकडून ती त्याने ऐकली. म्हणजे सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर हा शब्द बोलणाऱ्यांच्या मनात बोकड होता आणि बाजारही होता. तुमचा पादजहर तेव्हा ग्रंथात बसलेला होता.

डॉक्टर : ओर्ताबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. ज्याने हाताने तपासलं, डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच प्राचीनांना बोल लावला असा तो माणूस. पण औषध ओळखणारा माणूस शब्द ओळखणारा असतोच असं नाही. पाझन आणि पाझर यांचा उच्चार जवळचा आहे, एवढ्यावर त्याने नातं जोडलं. कान हा फार कच्चा साक्षीदार आहे. तुम्ही मघाशी पासंग म्हणालात, तेच घ्या. आपण म्हणतो, हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. हा पासंग तराजूतला, पारडी समतोल करायला टाकलेला वजनाचा तुकडा. तोही फारसीतून आला. आणि विल्यम ब्लँफर्डने हिंदुस्तानच्या सस्तन प्राण्यांवर लिहिताना इराणी पासंगाचा अर्थ दिला : खडकासारख्या पायांचा. दोन्हीत ‘संग’ म्हणजे दगड आहे. आता कानावर भिस्त ठेवली तर कोणीही सांगेल की मराठी म्हणीत इराणी बोकड उभा आहे. पण तराजूतल्या तुकड्याला फारसीत पारसंग असंही रूप आहे, त्याची वाट वेगळी. जनावरांच्या नावांत तर हा घोळ पावलोपावली दिसतो. हिमालयात नेपाळी माणूस ज्याला थार म्हणतो, तो सेरो, जाड मानेचा, काळपट, दाट जंगलात राहणारा. आणि ज्याला इंग्रजीत ‘ताहर’ म्हणतात त्या केसाळ बोकडाला नेपाळीत झारल म्हणतात. साहेबांच्या कागदावर एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं आणि तेच जगभर चाललं. निलगिरीतल्या जनावरालाही आज आपण ताहर म्हणतो. तिथले तमिळ लोक त्याला शतकानुशतकं वरैयाडू म्हणत आले आहेत, कड्यावरची शेळी. चूक रूढ झाली म्हणून ती उगम ठरते का?

मास्तर : उगम ठरत नाही, पण इतिहास ठरते. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या मांडायच्या आहेत. ओर्ताचं पुस्तक क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ मध्ये लॅटिनमध्ये संक्षेपाने आणलं, अँटवर्पला छापलं, आणि मग ते युरोपभर वाचलं गेलं. तिथल्या वैद्याला, सोनाराला, सरदाराला बेझोर म्हणजे पूर्वेच्या डोंगरबोकडाचा खडा हे पक्कं ठाऊक झालं. इतकं पक्कं की त्यांनी आपल्या डोंगरातही तो शोधला. आल्प्समध्ये शामोआ असतो, बोकड आणि हरीण यांच्या मधला वाटावा असा, कड्यांवर बिनधास्त उड्या मारणारा. लॅटिनमध्ये त्याला रुपिकाप्रा म्हणत, म्हणजे खडकावरची शेळी. पासंगाशी हा अर्थ किती जुळतो पाहा. या शामोआच्या पोटातल्या केसांच्या गोळ्याला ‘जर्मन बेझोर’ म्हणून विकायला सुरुवात झाली. आउग्सबुर्गच्या वेल्श नावाच्या वैद्याने १६६० मध्ये त्यावर अख्खा प्रबंध लिहिला. बोकड शब्दात नसता तर शामोआच्या पोटात हात घालायचं कुणाला सुचलं असतं? पादजहर एवढाच अर्थ असता तर त्यांनी दुसरं एखादं मूळ नाहीतर दुसरी माती शोधली असती. चुकीच्या व्युत्पत्तीने माणसांना डोंगरावर चढवलं. ज्याने माणसं हलतात तो अर्थच, डॉक्टर.

आणि सुरतेचं बघा. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इथे १६१३ च्या सुमाराला वखार टाकली आणि तीन वर्षांत इथूनच इराणशी व्यापार उघडला. पुढे गोम्ब्रून, म्हणजे आजचं बंदर अब्बास, आणि सुरत यांच्यात जहाजांची ये-जा सुरू झाली. रेशीम, गुलाबपाणी, सुका मेवा, घोडे, आणि या सगळ्यात एका मुठीत मावणारे पण किमतीने पेटीभर मालाला भारी पडणारे हे खडे. सुरतेच्या पेठेतल्या माणसाने तो बोकड पाहिला नव्हता. विषबाधा झालेला माणूसही त्याच्यासमोर नव्हता. त्याच्यासमोर होता दलाल, काटा आणि तापवलेली सुई, खडा अस्सल की बनावट ते बघायला. त्याच्या दृष्टीने तो बाजारचाच दगड होता. ओर्ताने ज्या नावाला बिघडलेलं म्हटलं, ते त्या माणसाच्या अनुभवाला सगळ्यात खरं होतं.

डॉक्टर : आता तुम्ही नेमके तिथे आलात जिथे मला भीती वाटते. बाजारात शब्दालाच भाव येतो तेव्हा काय होतं ते लंडनच्या एका खटल्यात नोंदलेलं आहे. चँडेलर विरुद्ध लोपस, साल १६०३. एका सोनाराने एक खडा बेझोर आहे असं सांगून शंभर पौंडांना विकला. घेणाऱ्याला कळलं की तो बेझोर नाही. न्यायालयाने काय म्हटलं? विकणाऱ्याने ‘हा बेझोर आहे’ असं नुसतं म्हणणं म्हणजे हमी नव्हे; हमी शब्दांत दिलेली नसेल तर दाद नाही. ग्राहकाने स्वतः सावध राहावं, या इंग्रजी कायद्यातल्या तत्त्वाचा दाखला म्हणून हा खटला पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. तुम्ही म्हणता अर्थ म्हणजे ज्याने माणसं हलतात ते. इथे शंभर पौंड हलले, आणि मागे काहीच नव्हतं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्याकडे एक बेझोर होता. त्याचा शल्यविशारद आंब्रूआज पारे याने सांगितलं की सगळ्या विषांवर चालणारा उतारा असूच शकत नाही, कारण विषं नाना प्रकारची असतात. परीक्षा घ्यायची ठरली. चांदीची ताटं चोरल्याबद्दल एका आचाऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. त्याला विचारलं, विष घेऊन वर हा खडा घेशील का, वाचलास तर सुटलास. तो हो म्हणाला. सात-आठ तास तडफडून मेला. पारेने शव उघडून पाहिलं आणि लिहून ठेवलं. मी शल्यचिकित्सक आहे. पारे आमच्या शास्त्राच्या पूर्वजांपैकी. त्या आचाऱ्याने हो म्हटलं ते कशावर विसंबून? शब्दावर. ‘विषापासून राखणारा’ हे वचन त्या नावाच्या पोटातच आहे. म्हणून मी उगमाचा आग्रह धरतो. शब्दाने कोणतं आश्वासन दिलं होतं ते ठाऊक असेल तरच ते पाळलं गेलं की मोडलं हे तपासता येतं.

मास्तर : मग एक विचारतो. तुमच्याच युक्तिवादाने बोकडाची व्युत्पत्ती अधिक प्रामाणिक ठरत नाही का? ‘पाझनचा खडा’ एवढंच म्हटलं तर त्यात आश्वासन कसलंच नाही. कुठून आला एवढंच ते नाव सांगतं. आपल्या आयुर्वेदात गोरोचन आहे, गायीच्या पित्ताशयातला खडा. ते नाव गायीपासून सुरू होतं, मग त्याच्या पिवळ्या तेजाकडे जातं. कोणत्या रोगावर, ते नाव सांगत नाही. खोटं वचन देणारा तुमचा पादजहर ग्रंथोक्त आहे, आणि काही वचन न देणारा माझा बोकड लोकांच्या तोंडचा. यात शुद्ध कोण?

डॉक्टर : हा प्रश्न मला हवा होता, आणि याचं उत्तर मला पूर्ण सापडत नाही. व्युत्पत्ती खरी असते किंवा खोटी असते. ती निरुपद्रवी आहे म्हणून खरी होत नाही. पण तुमचं एवढं मी घेतो की खऱ्या व्युत्पत्तीच्या पोटात खोटं विधान असू शकतं, आणि खोट्या व्युत्पत्तीच्या पोटात खरी माहिती. खडा बोकडाच्या पोटातून निघतो हे निर्विवाद. पाझनवरून पाझर, हे नाही.

मास्तर : तुमचं ‘खोटं विधान’ही मला तितकं सरळ वाटत नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत गुस्ताफ अर्हेनियस आणि अँड्र्यू बेन्सन यांनी बेझोर तपासले. अर्सेनिकच्या म्हणजे सोमलाच्या पाण्यात खडा ठेवला तर त्यातल्या फॉस्फेटच्या जागी अर्सेनेट जाऊन बसतं, आणि खड्यातल्या केसांमधलं गंधक अर्सेनाइटला धरून ठेवतं. पाण्यातलं विष खडा ओढून घेतो. राजांच्या पेल्यात सोमल घातला जाई, आणि पेल्यात हा खडा बुडवून ठेवायची रीत होती. म्हणजे ती रीत अगदीच निराधार नव्हती.

डॉक्टर : बरोबर, आणि म्हणूनच अधिक काटेकोर व्हायला हवं. पारेच्या आचाऱ्याला सोमल दिला नव्हता, रसकापूर दिला होता, म्हणजे पाऱ्याचा दाहक क्षार. आणि तो पेल्यात नव्हता, पोटात गेला होता. शिवाय सगळे बेझोर एकाच पदार्थाचे नसतात : केसाळ असतात, फॉस्फेटचे असतात, आणि इराणी खड्यांपैकी काही तर वनस्पतींतल्या टॅनिनपासून बनलेल्या एलॅजिक आम्लाचे निघाले, व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने एकोणिसाव्या शतकातच ते दाखवलं. एक खडा एका विषाला एका परिस्थितीत ओढतो. पण शब्दात काय आहे? नुसतं ‘जहर’. कोणतं, किती, कशात, हे काही नाही. दोष मला त्या एका अक्षरसमूहात दिसतो. एकवचनी विष जगात नाही. युनानी हकिमांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी फादजहर हैवानी आणि फादजहर मादनी असे दोन कप्पे केले : प्राण्याचा वेगळा, खनिज वेगळा. आज पेठेत जहरमोहरा म्हणून जो हिरवट दगड मिळतो तो बहुतेकदा सर्पेंटाइन असतो, डोंगरातलं खनिज. त्यात बोकड नाही आणि फॉस्फेटही नाही. नावातलं जहर मात्र तसंच आहे.

मास्तर : हे कप्पे गोव्यानेच मोडले, तेही मुद्दाम. गोव्यातल्या जेझुइटांच्या औषधशाळेत गास्पार अंतोनियो नावाचा फ्लॉरेन्सचा बंधू होता. अस्सल बेझोर दुर्मीळ आणि महाग; त्याने बेझोराची पूड, कस्तुरी, अंबर, शंख-शिंपले, रत्नांचा चुरा एकत्र वळून, वर सोन्याचा वर्ख देऊन गोळे बनवले. कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर त्याच काळात गोव्याला गेला होता. त्याने लिहिलंय की अंतोनियो म्हातारा, जवळजवळ अंध झालेला आहे आणि या शोधातून मठाला वर्षाला पन्नास हजार झेराफिन नाणी मिळतात. या गोळ्याला नाव काय पडलं? ‘गोवा स्टोन’. बोकड गेला, विष गेलं, बाजारही गेला. शहर उरलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक गोळा सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला आहे. शामोआचंही हेच झालं : आधी जनावर, मग त्याचं मऊ कातडं, मग मेंढीच्या कातड्यालाही तेच नाव, आणि आता गाडी पुसायच्या फडक्याला. हिंदीत साबर म्हणजे सांबर, आणि त्याचं मऊ कातडंही. माल टिकतो, जनावर नावातून निसटतं. मला या निसटण्याचं वाईट वाटतं. खडा मिळावा म्हणून बोकडाला मारावं लागे, आणि प्रत्येकाच्या पोटात खडा असतो असंही नाही. किती तरी फुकट मारले गेले असतील. निदान शब्दात तरी त्याची जागा राहावी.

डॉक्टर : तुमच्या म्हणण्यातली ही कळकळ मला पटते. पण मग सुरतेपुरतं एक सांगतो, ज्यात शब्द ताणायची गरज पडत नाही. काप्रा एगाग्रस हा सगळ्या पाळीव शेळ्यांचा पूर्वज. आपल्या भागातली पांढरी, दुधाची सुरती शेळी, जिला खानदेशी असंही नाव आहे, तीही त्याच वंशातली. बोकडाची आठवण ठेवायची तर ती या रक्ताच्या नात्याने ठेवा. ते नातं सिद्ध आहे.

मास्तर : ते नातं जनावराचं. मी बोलतोय ते माणसाचं, त्याने काय समजून काय विकत घेतलं त्याचं. समजा मराठी कोशात उद्या बेझोरची नोंद करायची आहे. मी काळाच्या ओघाने लिहीन : पादजहर, विषापासून राखणारं, मग पाझन, ओर्ताच्या साक्षीने, १५६३, मग बाजार, त्याच साक्षीने, मग गोवा स्टोन, आणि शेवटी तुमचा पोटातला गोळा. पाचही अर्थ एका रांगेत, कुणाला कंसात न टाकता.

डॉक्टर : आणि मी पोटातला गोळा पहिला लिहीन, कारण आज कोणी हा शब्द शोधायला कोश उघडेल तर बहुधा दवाखान्यातून घरी आलेला एखादा बाप उघडेल. जे पोटाला वाचवतं म्हणून खरेदी केलं जाई, तेच नाव आता पोटातून काढून टाकायच्या गोष्टीला लागतं, हे त्याला नंतर कळलं तरी चालेल. उगमाच्या ठिकाणी एकटा पादजहर. पाझन आणि बाजार खाली, ‘लोकसमजूत’ असं स्पष्ट लिहून.

मास्तर : लोकसमजूत म्हटलं की वाचणारा ते ओलांडून पुढे जातो.

डॉक्टर : आणि म्हटलं नाही तर तो ते खरं मानतो.

मास्तर : यावर आपलं जमणार नाही. पण एका विनंतीवर जमेल. गोव्यात, कोकणात, सुरतेत जुनी घराणी आहेत, हकिमांची, वैद्यांची, सोनारांची. त्यांच्या पेट्यांत, बटव्यांत असे खडे अजून पडून असतात. ज्यांच्या घरी असेल त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याचं घरातलं नाव, जसं उच्चारतात तसंच, तारखेसह लिहून ठेवावं. आपल्या वादाचा निकाल लागला तर तो अशा नोंदींवरच लागेल.

डॉक्टर : लिहून ठेवावं. आणि तो खडा उगाळून लहान मुलाला चाटवू नये. विषबाधेची शंका आली तर थेट दवाखान्यात यावं, आणि पोटात गेलेल्या वस्तूची बाटली किंवा पाकीट बरोबर आणावं.